बेचाळीस पावलं

बुधवार, ५ मार्च २०२५. बेसिंगस्टोक

१. सोमवार, ३ मार्च. ठाण्याच्या लग्नाहून परतताना दुबईहून आमचं विमान १३:०५ ला इटलीत, बोलोन्यात उतरलं. लंडनचं विमान २०:४० ला होतं. मधे सात तास पस्तीस मिनिटं.
२. १४:२० ला आजोबा आणि मी बोलोन्याच्या रेल्वे स्टेशनवरून पायी निघालो.
३. १५:०५ ला जुन्या ज्यू वस्तीत पोचलो. तिथे एका कमानीखाली, एका दारापाशी आजोबांना थांबायला सांगून मी पुढचा रस्ता बघायला गेले.
४. १५:२१ ला परत आले. आजोबा त्या जागी नव्हते.
५. त्यांचा फोन लागला नाही.
६. १५:५० ला चौकातल्या पोलीसबाईंना सांगितलं. आजोबांचा फोटो दाखवला.
७. १६:४० ला आजोबा शेजारच्या समांतर गल्लीत सापडले. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानाबाहेर लाकडी खुर्चीवर बसले होते.
८. त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. दुकानदार जमिनीकडे बोट दाखवून दोनतीनदा काहीतरी म्हणाला. अर्थ कळला नाही.
९. इजा नाही. विमान मिळालं.
१०. निष्कर्ष: आजोबा सांगितलेल्या जागेवरून न कळवता निघून गेले. एक तास एकोणीस मिनिटं त्यांचा पत्ता नव्हता.

डॅनिएला आत्यानं मागितलं म्हणून हे लिहिलं. "तू नेमकं लिहितेस, तमार. भावना नकोत, फक्त वेळा दे." तिला इंग्रजीत पाठवलं. ही मूळ प्रत. मराठीत लिहिते, कारण ऑफिसात आणि या घरात ती कोणाला वाचता येत नाही.

दहावा मुद्दा पाठवण्याआधी मी दोनदा वाचला. बरोबर वाटला.

शुक्रवार, ७ मार्च

आत्याचा एडिनबराहून फोन आला. ती तिथल्या हॉस्पिटलात फार्मसी सांभाळते, आणि बोलतेही तशीच: मात्रा किती, दिवसातून किती वेळा.

"पप्पांचं मी ठरवलंय," ती म्हणाली. "माझ्या घरापासून बारा मिनिटांवर वृद्धांसाठी एक होम आहे. खोली रिकामी झालीय. एकवीस तारखेपर्यंत धरून ठेवतील. हेंडनचा फ्लॅट सोडायची नोटीस त्याच दिवशी द्यायची."

"आजोबा काय म्हणतात?"

"तू म्हणशील तसं, म्हणतात. पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. तूच सांग, हे नॉर्मल आहे का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"जानेवारीत गॅस चालू राहिला होता. आता हे. होमच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, मागच्या वर्षातल्या घटनांचा. त्यात तुझा रिपोर्ट जसाच्या तसा जोडणार आहे. आणि तमार, तुला दोष देत नाहीये मी. तू होतीस म्हणून सापडले."

दोष देत नाहीये, हे तिनं आपणहून सांगितलं. बोलोन्यात आजोबा सापडल्यावर तिच्याशी फोनवर बोलताना पहिल्या मिनिटाला ती वेगळं बोलत होती. "म्हाताऱ्या माणसाला परक्या शहरात एकटं सोडलंस?" तेव्हा आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला होता. "अगं, मीच गेलो इकडेतिकडे भटकत. पोरीला बोलू नकोस." विषय तिथून आजोबांकडे वळला तो अजून तिथेच आहे.

लंडनला, हेंडनच्या फ्लॅटमध्ये ते एकवीस वर्षं आहेत. आजी तिथे गेली. माझा बाप गेला तेव्हा मी दोन महिने तिथेच होते. खाली बेकरी, पुढच्या वळणावर सिनेगॉग, पहिल्या मजल्यावर पेणकरांची वैजयंती मावशी, जिच्याशी ते गॅलरीतून मराठीत भांडतात.

एडिनबरात मराठीत भांडायला आत्या एकटी. ती भांडते इंग्रजीत.

रविवार, ९ मार्च. हेंडन

आजोबांकडे गेले. आत शिरण्याआधी उजव्या चौकटीवर तिरक्या लावलेल्या मेझुझाला, प्रार्थनेच्या चिठ्ठीच्या डबीला, बोटं लावून ओठांना लावली. एरवी लावतेच असं नाही. आज आतून ते बघत होते.

स्वयंपाकघरात त्यांनी पोहे भिजवून ठेवले होते. नारळ खवलेला, साखर, वेलची, बेदाणे, आणि ताटाभोवती पाच फळं. मलिदा. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलियाहू पैगंबराच्या, नावानं नवस फेडायचा तर आम्हा मराठी ज्यूंत हाच.

"कसला नवस, आजोबा?"

"बोलोन्यात बोललो होतो. पोरगी सापडू दे, मलिदा करीन."

आत्या व्हिडिओ कॉलवर होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. "पप्पा, कोण सापडू दे?"

"ही. तमार. दुसरी कोण होती तिथे माझ्याबरोबर?"

मग आत्या इंग्रजीत म्हणाली, "ऐकलंस ना?" ऐकलं. आजोबांच्या डोक्यात कोण हरवलं आणि कोण शोधत होतं याची अदलाबदल झाली आहे. नोंद केली: तारीख, वेळ, त्यांचे शब्द.

ते मात्र मजेत होते. पोहे कालवता कालवता म्हणाले, "त्या दाराला, बघितलंस ना, उजव्या अंगाला दगडात तिरकी खाच होती. बोटभर लांब. बरोबर जिथे आपण लावतो तिथे. कोणीतरी काढून नेली असणार मेझुझा, तीनचारशे वर्षांपूर्वी. दगड बुजवायचं तेवढं राहिलं."

"कुठल्या दाराला?"

"तू मला उभं केलंस त्या! मी म्हटलं, ही बघ. तू म्हणालीस, हो, छान. आणि बघितलं दुसरीकडे."

तसं झालं असेल. मला खाच आठवत नाही.

"सारखी बोट घालून बघत होतो. तो दुकानवाला बाहेर आला. त्याला वाटलं, भिंत उकरतोय. मग मी त्याला आपल्या दाराचा फोटो दाखवला, फोनमधला. ही अशी, म्हटलं. तो आत गेला आणि खुर्ची घेऊन आला." ते हसले. "चांगला माणूस. त्याला इंग्रजी येईना, मला त्याची भाषा. तासभर गप्पा मारल्या."

मलिदा चांगला झाला होता. वैजयंती मावशी वर येऊन म्हणाली, "हाईमभाऊ, वेलची जास्त." ते म्हणाले, "मग परत कर." तिनं दुसऱ्यांदा घेतला.

परतीच्या ट्रेनमध्ये एक विसंगती लक्षात आली. मी त्यांना दारापाशी सोडलं. ते सापडले दुकानाबाहेर. ही दोन ठिकाणं वेगळी आहेत. आजोबांच्या सांगण्यात ती एकच आहेत.

आठवणी एकमेकींत मिसळतात, असं आत्या म्हणते.

मंगळवार, ११ मार्च

आत्यानं फॉर्म पाठवला. माझा रिपोर्ट शेवटच्या पानावर, दहाही मुद्दे.

संध्याकाळी जोशचा फोन. जोश म्हणजे आत्याचा मुलगा, बावीस वर्षांचा, लंडनमध्ये शिकतो. त्याचं मराठी आजोबांपुरतं शिकलेलं आहे. आत्यानं त्याला आजोबांसाठी मोठ्या बटणांचा फोन घ्यायला सांगितला होता. जुन्यातलं सगळं नव्यात घालताना त्याला एक गोष्ट दिसली.

"तमारताई, आजोबाची फोनमध्ये स्टेप्स आहे. डेली. बोलोन्याचा दिवस बघितला मी. फनी आहे."

"काय फनी?"

"दोन वाजून पाच मिनिट ते तीन चाळीस, फोर्टी-टू स्टेप्स. बेचाळीस. बास."

फोन आता लंडनची वेळ दाखवतो. बोलोन्यात तेव्हा एक तास पुढे. म्हणजे १५:०५ ते १६:४०.

"पण आजोबा हरवली होती ना? मग ती चालला कधी?"

मी म्हटलं, सेन्सर कधीकधी मोजत नाही. फोन हातात धरून ठेवला, कुठे टेकवून ठेवला, तर चुकतं. मी जमीन मोजायच्या उपकरणांची चाचणी करते, मला माहीत असतं.

"ओके," जोश म्हणाला. "मम्मीला सांगू?"

"मी सांगते."

सांगितलं नाही.

बुधवार, १२ मार्च

न तपासलेला सेन्सर सदोष आहे असं लिहिणाऱ्या ज्युनिअरला मी मागच्याच महिन्यात रिपोर्ट परत पाठवला होता.

जोशला सांगितलं: आजोबांचा जुना फोन त्यांच्याच कोटाच्या आतल्या खिशात ठेव, मोजून पाचशे पावलं चाल. मग हातात धरून पाचशे. तो हेंडनच्या पार्कमध्ये आजोबांचा कोट घालून चालला. "लोक बघतंय ताई. मी वेडी दिसतो."

खिशात ४९७. हातात ४९४.

सेन्सर ठीक आहे.

माझ्या फोनमध्ये त्याच वेळात ८,११६ पावलं आहेत.

शुक्रवार, १४ मार्च

दोन दिवस काही लिहिलं नाही. काम होतं. कामही होतं.

आज दोन फोटो शेजारी ठेवले. पहिला १५:०४ चा, आजोबांना सोडण्याआधी मी काढलेला. दुसरा १६:४२ चा, पोलीसबाईंना माणूस सापडल्याचं दाखवायला काढलेला. दुसऱ्यात आजोबा खुर्चीत, हातात बाटली. आत्तापर्यंत मी दोन्हींत फक्त त्यांचा चेहरा बघितला होता.

पहिल्यात त्यांच्या डाव्या खांद्यामागे दगडी चौकट. चौकटीवर तिरकी खाच.

दुसऱ्यात चौकट खुर्चीच्या मागे. तिरकी खाच. खाचेखाली दगडाचा टवका उडालेला, त्रिकोणी. पहिल्यातही त्रिकोणी. पहिल्यात दुकानाचं दार बंद आहे, एवढाच फरक. दुपारी बंद असावं, नंतर उघडलं.

फोटो मोठे करून खाचेचा कोन मोजला. चौकटीच्या उभ्या रेषेशी एकतीस अंश, आणि दुसऱ्यात तीस. मोजायची गरज नव्हती. तरी मोजला.

आजोबांना सोडून निघताना मी फोनच्या नकाशावर खूण केली होती. तिथे गल्ल्या अरुंद, वर छत, दोन्हीकडे उंच भिंती. अशा ठिकाणी फोनची खूण पन्नास-साठ मीटर सहज सरकते. हे मी दर आठवड्याला कोणाला तरी सांगते. दोन्ही गल्ल्यांतल्या कमानी सारख्या, खांब सारखे, रंग तोच. मी खुणेवर परत आले. खूण चुकीच्या गल्लीत होती. तिथे आजोबा नव्हते, कारण तिथे ते कधीच नव्हते.

पुढचा तासभर मी खुणेपासून शोधत राहिले. दर वेळी परत खुणेवर येऊन.

दुकानदार जमिनीकडे बोट दाखवत होता. इथेच, म्हणत होता. इथेच होते.

आत्याला फोन लावला. ती ड्यूटीवर होती. निरोप ठेवला नाही.

शनिवार, १५ मार्च

आत्याचा मेसेज: होमनं फॉर्म वाचला. रिपोर्ट स्पष्ट आहे म्हणाले. खोली मिळणार. सोबत खोलीचा फोटो. खिडकी मोठी आहे.

तिला आत्ताच लिहायला हवं. पण आजोबा तिला स्वतः म्हणालेत, मीच भटकलो. तिला खरं सांगितलं तर ते खोटे पडतात. नाही सांगितलं तर घर जातं. या वाक्यांत मी कुठेच नाही, हे आत्ता वाचताना दिसलं. दुरुस्त करते: तिला सांगितलं तर मी खोटी पडते.

रविवार, १६ मार्च. हेंडन

आजोबा खोकी भरत होते. जुनी वर्तमानपत्रं, त्यात एकेक कप. किदुशचा, शब्बाथच्या प्रार्थनेचा चांदीचा पेला त्यांनी पायमोजात घातला होता.

मी कोट न काढता म्हटलं, "तुम्ही जागेवरून हलला नव्हतात."

"दोनदा पाय मोकळे केले." कप गुंडाळणं चालू. "त्या कमानीच्या टोकापर्यंत."

बेचाळीस. टोकापर्यंत जाऊन येऊन दोनदा, जमतं.

"मला शोधायला का नाही आलात?"

"तुला काय शिकवलंय?" आता त्यांनी वर बघितलं. "अलिबागच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबीच्या टाप्याच्या जत्रेत, दरवर्षी काय सांगायचो? हात सुटला तर सुटला तिथेच उभं राहायचं. दोघंही शोधायला लागले की कोणीच सापडत नाही. तू उभं राहा म्हणालीस, उभा राहिलो. दहा मिनिटांत येते म्हणालीस. वीस झाली तेव्हा कळलं, पोरगी हरवली. मग नवस बोललो."

"माझी खूण चुकली होती."

"खुणेचं मला कळत नाही."

"तुमच्या फोनचं रोमिंग मी चालू केलं नव्हतं. चार तासांसाठी कशाला, म्हटलं. म्हणून फोन लागला नाही."

"बरं."

"आणि मी रस्ता बघायला गेले नव्हते. तिथे भिंतीत एक छोटी खिडकी आहे, उघडली की खाली कालवा दिसतो. ती बघायला गेले. एकटी. तीन आठवडे ठाण्यात लग्नाच्या घरात... मला दहा मिनिटं कोणी नको होतं. तुम्हीसुद्धा."

हे मी मोठ्यानं बोलले याचं मला अजून नवल वाटतं.

"दिसला का कालवा?"

"दिसला."

"मग झालं."

"झालं नाही! आत्याला का सांगितलंत, मी भटकलो म्हणून?"

त्यांनी कप खोक्यात ठेवला. "त्या गल्लीच्या तोंडाशी तू आलीस तेव्हा तुझा चेहरा मी बघितला. तुझा बाप सात वर्षांचा असताना त्याच जत्रेत हरवला होता. सापडला तेव्हा अगदी तसा. ओठ पांढरे, आणि वर मलाच विचारतोय, पप्पा, कुठे गेला होतात? हरवलेल्याला ओरडायचं नसतं. आधी पाणी द्यायचं. मी पाणी दिलं. आणि तेवढ्यात डॅनिएला फोनवर ओरडायला लागली."

"म्हणून घर सोडायचं?"

"घर आज ना उद्या सुटणारच. एक्याऐंशी झाली. गॅस विसरलो होतो, ते काय खोटं आहे?" मग हळू, "माझ्यामागे तुला कोण आहे? तीच. तिनं एकदा मनातून उतरवलं ना, परत चढवत नाही. आईवर गेलीय. एक फ्लॅट काय..."

खालून वैजयंती मावशीनं हाक मारली. "हाईमभाऊ, खोकी कमी पडली तर आहेत माझ्याकडे. फुकट नाही, तुमची कुंडी द्यायची."

"कुंडी मेल्यावर!" ते खिडकीतून ओरडले.

"मग खोकी पण तेव्हाच!"

मी कोट काढला आणि खोकं रिकामं करायला लागले. ते म्हणाले, अगं, अगं. मी कप फडताळात लावत गेले. ते म्हणाले, तो तिसरा तिथे नाही, वरच्या फळीवर. मी वरच्या फळीवर ठेवला.

निघताना दारात ते म्हणाले, "डॅनिएलाला सांगू नकोस."

मी चौकटीला बोटं लावली आणि जिना उतरले.

सोमवार, १७ मार्च. बेसिंगस्टोक

सकाळी ७:१० ला पाठवलं. मराठीत लिहिलं, इंग्रजीत नाही. ती वाचू शकते. हळू वाचेल, ते बरंच आहे. ही प्रत:

डॅनिएला आत्या,

पाच तारखेला दिलेला माझा रिपोर्ट चुकीचा आहे. दुरुस्त्या अशा.

मुद्दा ३: मी रस्ता बघायला गेले नव्हते. मला एकटं राहायचं होतं म्हणून गेले. दहा मिनिटं सांगितली. सोळा लागली.

मुद्दा ४: मी "त्या जागी" परत आलेच नाही. फोनमधली खूण सरकली होती आणि मी ती न तपासता दुसऱ्या गल्लीत गेले. तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

मुद्दा ५: फोन लागला नाही, कारण त्यांचं रोमिंग मी बंद ठेवलं होतं. तेव्हा हे लिहायचं टाळलं.

मुद्दा १०: रद्द. आजोबा हलले नाहीत. त्या दीड तासात ते बेचाळीस पावलं चालले, मी आठ हजार एकशे सोळा. जोशकडे आकडे आहेत. दोन फोटो सोबत जोडले आहेत. आजोबांच्या मागची दगडातली खाच बघ, दोन्हींत एकच आहे.

मीच भटकलो, असं ते तुला म्हणाले, ते खरं नव्हतं. तू मला बोलू नयेस म्हणून म्हणाले. हे तुला सांगू नकोस असं त्यांनी मला काल सांगितलं. मी त्यांचं ऐकलेलं नाही. मलिद्याच्या दिवशी त्यांचा घोटाळा झाला असं आपल्याला वाटलं. त्यांचा झाला नव्हता.

जानेवारीतला गॅस खरा आहे. ते थकलेत, हेही खरं आहे. त्याबद्दल बोलायला हवं, आणि त्या बोलण्यात ते स्वतः असायला हवेत. पण बोलोन्याची घटना त्यांच्याविरुद्धचा पुरावा नाही. ती माझी चूक आहे. तुला राग येईल. तो माझ्यावर काढ, मला चालेल. फक्त त्यासाठी त्यांचं घर जायला नको.

फॉर्ममधून माझा रिपोर्ट काढून घे. शुक्रवारी फ्लॅटची नोटीस देऊ नकोस. उत्तर देण्याआधी आजोबांना एक फोन कर. आणि हो किंवा नाही, जे असेल ते मला गुरुवार, २० मार्च, संध्याकाळी सहापर्यंत कळव.

तमार